ज्याला आवाज ऐकू येतात, त्याच्याशी खरे कसे बोलावे?



वंदनेच्या वेळी आपण पंचशील म्हणतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. हे शील बाजारात पाळणे अवघड, कोर्टात अवघड, निवडणुकीत तर विचारूच नका. परंतु ते सर्वांत अवघड कोठे होते असे कोणी मला विचारले, तर मी म्हणेन, ज्या घरात एक माणूस मनाने आजारी आहे त्या घरात. रात्री दोन वाजता तरणाताठा मुलगा उठून बसतो आणि आईला म्हणतो, "ऐकलंस का? पुन्हा बोलायला लागले ते. उद्या मला मारणार म्हणतात." आईने काय सांगावे? "हो रे, ऐकलं," म्हणावे तर ते धडधडीत खोटे. "काही नाही, झोप गुमान," म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. कारण आवाज बाहेर नसला तरी त्या मुलाने तो ऐकला आहे, आणि आपण मोटारीचा हॉर्न ऐकतो तितक्याच स्पष्टपणे ऐकला आहे.

ह्या प्रश्नाला औषधाची एक बाजू आहे आणि नीतीची एक बाजू आहे. आपल्याकडे पहिलीची चर्चा थोडी होते, दुसरीची मुळीच होत नाही. म्हणून आज दुसरीविषयी बोलू या.

प्रथम आजाराची ओळख. स्किझोफ्रेनिया हे नाव स्वित्झर्लंडचे डॉक्टर ओयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहात दोन माणसे राहतात असा त्याचा अर्थ सिनेमावाले लावतात, तो चुकीचा आहे. विचार, भावना आणि अनुभव यांची एकमेकांशी असलेली गाठ सुटते, असा त्याचा अर्थ. नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांना भास म्हणावे. कोणी पाळत ठेवतो, अन्नात विष घालतो अशी अढळ समजूत होते, तिला संभ्रम म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. तो बहुधा अठरा-वीस ते तिशीच्या आत सुरू होतो. म्हणजे आपल्या घरातला पहिला मुलगा बारावी होतो, तालुक्याच्या कॉलेजात जातो, सारे घर त्याच्याकडे डोळे लावून बसते, नेमक्या त्या वयात. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. अशा मुलाच्या डोक्यावर किती माणसांच्या आशेचे गाठोडे असते ते मला पुस्तकातून वाचावे लागले नाही. त्या गाठोड्याने हा आजार होतो असे मी म्हणत नाही. आजार झाला म्हणजे मात्र घर त्याला आजार म्हणायला इतके का कचरते, ते त्यावरून कळते.

आणि नवदीक्षित कुटुंबात तर आणखी एक गोष्ट घडते. दोन वर्षांपूर्वी देव्हारा काढलेला असतो, म्हसोबाला जाणे बंद झालेले असते. मुलगा आजारी पडला की भावकीतली एखादी म्हातारी आलीच म्हणून समजा: "देव सोडले, आता भोगा." कित्येकदा आजारी माणसाला स्वतःलाच मरीआईचा आवाज ऐकू येतो, "मला घराबाहेर टाकलंस" असा. मग घरातले निर्धाराचे लोकही डळमळतात. वाचकहो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. भासाचे कपडे त्या त्या मुलखाचे असतात. अमेरिकेतल्या रोग्याच्या मागे सरकारी हेर लागतात, शहरातल्याच्या मोबाईलमध्ये कोणी यंत्र बसवलेले असते, आपल्याकडे मरीआई येते. आजार एकच, तो माणसाच्या मनात आधीपासून असलेली भीती उचलतो आणि तिला तोंड देतो. देवी कोपली असती, तर ज्या परदेशात तिचे नावही कोणाला ठाऊक नाही तेथे हा आजार आढळला नसता.

पण हेच शहाणपण दगडासारखे फेकून मारणारेही आहेत. "बौद्ध झालास आणि अजून मरीआई-मरीआई करतोस? समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" असे बापाने आजारी मुलाला म्हणावे हे मला भगताच्या फटक्यांहून फार वेगळे वाटत नाही. भगत भूत काढायला मारतो, हा अंधश्रद्धा काढायला मारतो. मार खाणारा तोच.

तर घरात सामान्यतः दोन रीती चालतात. एक वाद घालण्याची, दुसरी होकार देण्याची. वाद घातला की तो माणूस आणखी घट्ट होतो. आपले म्हणणे सिद्ध करायला नवे पुरावे गोळा करतो आणि वाद घालणाऱ्यालाही शत्रूच्या यादीत टाकतो. होकार दिला की घटकाभर शांतता होते, पण त्याच्या भीतीवर घरच्यांचा शिक्का बसतो. एका रीतीत करुणा नाही, दुसऱ्या रीतीत सत्य नाही.

तिसरी रीत आहे काय? आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी म्हणतात. आपण विचार-वर्तन उपचार म्हणू. तिची मुळे आरन बेक ह्या अमेरिकन डॉक्टरांकडे जातात. १९५२ साली त्यांनी एका रोग्याची हकिकत छापली. सरकारी हेर आपल्यावर पाळत ठेवतात असे तो वर्षानुवर्षे मानीत होता. बेक यांनी "हे खोटे आहे" असे म्हटले नाही आणि "खरे आहे" असेही म्हटले नाही. कोण माणूस? कोठे दिसला? तो हेरच, हे कशावरून? असे ते त्याच्याबरोबर एकेक तपासत गेले, आणि संशयितांची यादी हळूहळू आखडत गेली. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे पहिले परिणामकारक औषध ह्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले. औषधाने जग जिंकले आणि ते योग्यच झाले. बोलण्याची वाट मात्र पुढे चाळीस वर्षे जवळजवळ ओस पडली. ह्या आजारात विचारच बिघडलेला, तेव्हा त्याच्याशी विचाराने काय बोलायचे, असा डॉक्टरांचाही समज होता. १९९० नंतर इंग्लंडातल्या काही डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी ती वाट पुन्हा उघडली. २०१४ च्या तेथील सरकारी मार्गदर्शनात औषधाच्या जोडीला निदान १६ बैठकांचा हा उपचार प्रत्येक रोग्याला देऊ करावा असे सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये काढलेल्या संस्थेने ती पुष्कळ घरांपर्यंत नेली. ती प्रामुख्याने चिंता, निराशा, व्यसन यांसाठी. पण घराणे तेच.

ह्या उपचारात प्रत्यक्ष काय करतात? पहिल्या कित्येक बैठका नुसत्या ऐकण्यात जातात. मग सांगतात की आवाज ऐकू येणारा तू जगात एकटा नाहीस; लागोपाठ चार रात्री झोप नसेल तर धडधाकट माणसालाही ऐकू येतात, नवरा वारल्यावर कित्येक बायकांना त्याची हाक ऐकू येते. मग येते ती कळीची गोष्ट. आवाज वेगळा, आणि आवाजाविषयीची समजूत वेगळी. "घराबाहेर पडलास तर तुझी आई मरेल," हा आवाज. "आवाज सर्वशक्तिमान आहे, त्याचे ऐकलेच पाहिजे," ही समजूत. आवाज थांबवणे हाती नसेल, पण समजूत पारखून पाहता येते. आज ओट्यापर्यंत जाऊ. आई आहे? आहे. उद्या आडापर्यंत जाऊ. आधी शंभरातले किती वाटत होते? नव्वद. आता? सत्तर. कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही, वीस गुण कमी झाले. आम्हां मास्तरांना हे गुणांचे प्रकरण पटकन समजते!

इंग्लंडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे रोगी घेतले होते, की ज्यांना आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देत आणि ज्यांनी तो पूर्वी पाळलेला होता. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ४६ जणांनी पुढेही तो हुकूम पाळला. हा बोलण्याचा उपचारही ज्यांना मिळाला त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २८ होते. आवाज काही बंद पडले नाहीत. आवाजाची सत्ता कमी झाली.

आता मी आपल्याला त्या प्रश्नाकडे नेतो, जो इंग्लंडच्या पुस्तकांत आपल्या रूपात सापडत नाही. समजा, राहुरीकडच्या एखाद्या खेड्यातला आपला तरुण म्हणतो, "सगळं गाव माझ्यावर टपलंय. टपरीवर माझ्याकडे बघून हसतात. उसाची ट्रॉली घरासमोर आली की मुद्दाम हॉर्न वाजवतात. एक दिवस मला संपवतील." शहरातला डॉक्टर कागदावर लिहील: संभ्रम. पण आपला जिल्हा कोणता आहे? ह्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील सोनईला २०१३ च्या पहिल्या दिवशी तीन मेहतर तरुणांचे खून झाले. ह्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्ड्याला २०१४ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले, आणि २०१७ साली नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. जेथे असे घडते तेथे "गाव माझ्यावर टपलंय" हे वाक्य वेडाचे आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्यापैकी जे चळवळीत वाढले ते लगेच म्हणतील, "अहो गुरुजी, हा उपचार म्हणजे जखम गावाने करायची आणि मलमपट्टी विचाराला! दोष मनात नाही, गावात आहे." ही हरकत पोकळ नाही. वेस्ट इंडीज बेटांवरून इंग्लंडात गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत हा आजार तेथल्या गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, आणि त्यांच्या मूळ बेटांवर मात्र तितका आढळत नाही. परक्या, तुच्छ मानणाऱ्या समाजात राहण्याने मनावर काही होत असले पाहिजे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

तरी माझे मत असे आहे की ही हरकत अर्ध्यावर थांबते. त्या तरुणाचा काका म्हणेल, "बरोबर बोलतोय तो, जातीवाद्यांचं गावच आहे," आणि त्याला दवाखान्यात नेणार नाही. पोरगा सहा महिने अंधाऱ्या खोलीत बसून राहील, अन्न टाकील, आणि एखाद्या दिवशी विहीर जवळ करील. त्याचे म्हणणे निम्मे खरे होते म्हणून त्याच्यावर उपचार झाले नाहीत, हा कसला न्याय? एखादी समजूत आजाराची आहे की नाही हे ती खरी की खोटी एवढ्यावरून ठरत नसते. माणूस तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला आणि तेथून परतायला त्याला वाट उरली आहे काय, यावर ते पुष्कळसे ठरते. गाव वाईट आहे हे ओळखणारा माणूस कोणता पाटील वाईट, कोणता शेजारी बरा, हे सांगू शकतो. आजारी माणसाला ट्रॉलीचा हॉर्न, चुलत्याचे खोकणे आणि रेडिओवरची बातमी एकाच कटातली वाटते.

म्हणून प्रामाणिक उपचार करणारा त्याच्यासमोर वही ठेवील आणि रकाने पाडील. मी काय पाहिले. मी काय ताडले. आणखी काय असू शकेल. टपरीवर हसले, हे पाहिले. मला मारायचा बेत करीत होते, हे ताडले. आणखी काय असू शकेल ह्या रकान्यात "त्यांचे आपसात काही चालले असेल" हे जसे लिहायचे, तसेच "माझ्या जातीवरून हसले असतील" हेही लिहायचे. ते खोडायचे नाही. जो उपचारक ते खोडायला लावतो तो रोग्याला खोटे शिकवतो. आणि तपासाअंती जे खरे उरेल त्याला गोळी नसते. त्याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा असतो, पोलीस ठाणे असते, समाजाची पाठराखण असते. ट्रॉलीचा हॉर्न तेवढा वहीत राहतो.

आता गोळीविषयी. ही गोष्ट कोणी बोलत नाही, पण घरोघर चालते. मुलगा औषध घेत नाही, म्हणून आई गोळी कुटून कालवणात घालते. तिचा हेतू मायेचाच असतो. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण पाहा, अन्नात काहीतरी घालतात असे ज्याला वाटते त्याच्या अन्नात खरोखरच काहीतरी घातले जाते. उद्या त्याला ताटाच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर? ज्या एका माणसाच्या हातचे तो अजून खात होता, त्याच्यावरचाही विश्वास गेला. आणि ह्या वेळी त्याचा संशय संभ्रम नव्हता, ज्ञान होते! म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये, आणि लपवून देण्यापेक्षा दुसरे मार्ग आधी धुंडाळावेत. महिन्यातून एकदा किंवा ठरलेल्या मुदतीने घ्यायची इंजेक्शने आता मिळतात, आणि "गोळी कशासाठी घेतोस?" ह्यापेक्षा "गोळीने तुला काय त्रास होतो?" असे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते. सुस्ती येते, हात थरथरतो, वजन वाढते. ह्या तक्रारी खऱ्या असतात आणि डॉक्टर औषध बदलून त्या कमी करू शकतो.

येथे काही बांधव म्हणतील, की तथागतांनी हे सारे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. असे म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. धम्मपदाचा आरंभ मनापासून होतो हे खरे. पण म्हणून बुद्धांनी स्किझोफ्रेनियाचा उपचार सांगितला असे म्हणणे म्हणजे पुराणात विमाने शोधण्यापैकीच आहे. ओढूनताणून जुळवणी केल्याने धम्माची शोभा वाढत नाही. मात्र वेड लागलेल्या माणसाशी कसे वागावे याचे दाखले तेथे आहेत, आणि ते नीतीचे दाखले आहेत.

पटाचाराची कथा आपण ऐकली असेल. श्रावस्तीच्या श्रीमंत घरची ती मुलगी घरच्या नोकराबरोबर निघून गेली. पुढे नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, थोरले नदीत वाहून गेले, आणि माहेरी पोहोचते तो आईबाप आणि भाऊ पडलेल्या घराखाली मेलेले. ती वेडी झाली, अंगावरचे वस्त्र गळून पडले, लोक तिला ढेकळे मारू लागले. जेतवनात ती शिरू लागली तेव्हा श्रोत्यांनी अडवले. बुद्ध म्हणाले, अडवू नका. त्यांनी तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. उपदेश त्यानंतरचा. पुढे तीच विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य झाली.

दुसरी गोष्ट कमी ठाऊक आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत येते. त्याला वेड लागले. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. मग संघाने काय करावे? बुद्धांनी त्याला संघातून काढले नाही. संघाने रीतसर ठराव करावा, की गग्ग वेडा आहे. त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ आपले कार्य करील, आणि त्यात दोष राहणार नाही. वेडाच्या भरात त्याने नको ते पुष्कळ केले. बरा झाल्यावर इतर भिक्खू त्याला त्यावरून टोचू लागले: आठवते का, तू असे असे केलेस? तो म्हणे, मला आठवत नाही, मी वेडात होतो. तरी ते थांबेनात. तेव्हा बुद्धांनी अमूळ्हविनय नावाची तरतूद केली. ज्याचे वेड सरले आहे त्याने संघाकडे मागणी करावी, आणि संघाने ते प्रकरण कायमचे मिटवावे. आजारपणातले उकरून काढण्याला तेथे बंदी झाली. आपल्या घरांत काय होते? मुलगा बरा होऊन कामाला लागला, तरी लग्नाची गोष्ट निघाली की चुलती म्हणते, "त्या वर्षी ह्यानं भांडी विहिरीत फेकली होती." हे टोचणे केवळ दुष्टपणाचे नाही, ते रोग्याला पुन्हा आजारी पाडते. ज्या घरात सतत टीका आणि राग असतो तेथे रोगी लवकर उलटतो, हे लंडनमध्ये १९७६ साली दाखवून दिले गेले. पुढे १९८७ साली चंदीगडच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ती लंडनच्या कुटुंबांपेक्षा कमी टोचणारी निघाली. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही.

बोलण्याचा हा उपचार म्हणजे जादू नव्हे. २०१४ साली अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा त्याचा सरासरी गुण लहानच निघाला, आणि त्याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहे. औषध सोडून केवळ गप्पांवर विसंबणे धोक्याचे आहे. आणि आपल्या तालुक्यांत सोळा बैठका घ्यायला शिकलेला माणूस आहे कोठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, औषधे मिळतात, पण डॉक्टरांपुढची रांग पाहिली की एका रोग्याला किती मिनिटे येत असतील याचा हिशेब आपणच करावा. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रोग्यांच्या नातेवाइकांना एकत्र बसवते. २००४ चा 'देवराई' हा चित्रपट ह्याच संस्थेच्या आधाराने निघाला, तो मिळाल्यास घरात सर्वांनी मिळून पाहावा. आपल्याच जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान १९९८ पासून रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. रस्त्यावरच्या अशा रोग्यांना बरे करून घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांचे केंद्र कर्जतला आहे. आपले कर्जत नव्हे, रायगडचे. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

साखळीविषयी एक वाक्य. तमिळनाडूत एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

उपचारक मिळेपर्यंत घराने काय करावे? वाद घालू नये, होकार देऊ नये, विचारावे. "मला आवाज ऐकू येत नाही. पण तुला येतो हे मी मानते. काय म्हणतोय? परवा म्हणाला होता तसं झालं का?" एवढे बोलायला पदवी लागत नाही. शाळेची शंभर पानी वही आणावी, रकाने पाडावेत, मनात असेल तर त्याने लिहावे, नसेल तर वही तशीच राहू द्यावी. झोपेची वेळ सांभाळावी. आवाज जिवाचे काही करायला सांगत असतील, तर वही बाजूला ठेवून त्याच घटकेला मिळेल त्या गाडीने जिल्हा रुग्णालय गाठावे, आणि वाटेत त्याला कोठे नेतो ते खरे सांगावे.